गणपतीहून परतल्यावर साचलेला अभ्यास: मागचं आधी की आजचं आधी?

२०२५च्या गणपतीनंतर आलेला प्रश्न थोडक्यात असा. एस.वाय.बी.एस्सी. (दुसरं वर्ष), मेजर केमिस्ट्री, राहायला डोंबिवली, कॉलेज दादरला. चतुर्थीच्या दोन-तीन दिवस आधी ही मुलगी कुडाळकडे गावी गेली. कॉलेजची सुट्टी गौरींबरोबर संपली, पण घरचा गणपती अनंत चतुर्दशीपर्यंतचा, म्हणून ती तिथेच राहिली. आता परत आल्यावर दिसतंय ते असं: मेजरच्या पेपरात केमिकल कायनेटिक्सचा (रासायनिक अभिक्रियांच्या वेगाचा) निम्मा भाग होऊन गेलाय, दोन प्रॅक्टिकल बुडालीत, दहा दिवसांवर इंटर्नल टेस्ट आहे आणि फील्ड प्रोजेक्टच्या ग्रुपमध्ये कुणी धड बोलत नाही. तिचा बेत आहे की आठवडाभर घरी बसून मागचं सगळं कव्हर करायचं आणि मगच लेक्चरना जायचं. हे बरोबर आहे का आणि सुरुवात कुठल्या विषयापासून करू, असं ती विचारते.

बेत बदल. उद्या पहिल्या लेक्चरला जाऊन बस. आज वर्गात जे चाललंय ते आधी धर आणि मागचं मागून भरत जा.

मी मुंबईत डिग्रीला केमिस्ट्री शिकवते, परीक्षा समितीचं कामही बरीच वर्षं केलंय. ‘आधी मागचं, मग पुढचं’ हा बेत दर गणपतीनंतर आणि दर दिवाळीनंतर ऐकते. त्यात गोची अशी की तू घरी बसून मागची सहा लेक्चर उरकेपर्यंत वर्गात पुढची चार झालेली असतात, आणि तीही तू ऐकलेली नसतात. आठ दिवसांनी तू पुन्हा मागेच, वर हजेरीही गेली. यात अडकतात ती बहुतेक नेटकी, हुशार मुलं. टंगळमंगळ करणाऱ्याला वहीत भोक पडलं तरी चालतं, नेटक्या मुलीला पाच पानं कोरी सोडून पुढे लिहिणं सहन होत नाही. तेच तुला उद्या करायचंय. प्रत्येक वहीत आठ-दहा पानं कोरी सोड, वर बुडालेल्या भागाचं नाव लिही आणि पुढच्या पानावर उद्याची तारीख घालून लिहायला लाग.

आता बुडालं किती, ते बघू. घाबरून ‘सगळं गेलं’ म्हणण्यापेक्षा आकडा मांडलेला बरा. थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे १५ तास. ४ क्रेडिटचा पेपर असेल तर सेमिस्टरभरात ६० लेक्चर, २ क्रेडिटचा असेल तर ३०. सेमिस्टर साधारण १५ आठवड्यांचं धर. कॉलेजच्या सुट्टीचे दिवस सोडले तर तुझे कामाचे आठेक दिवस बुडालेत. म्हणजे मोठ्या पेपराची पाच-सहा लेक्चर आणि लहानाची दोन-तीन. हजेरीची अट ७५ टक्के, म्हणजे ६० पैकी १५ लेक्चर चुकली तरी माणूस डिफॉल्टर लिस्टमध्ये जात नाही. त्यातली सहा आता गेली. जुलैत पावसाने मध्य रेल्वे बसली तेव्हा किती गेली, तो हिशेब तुझा तू कर आणि उरलेली जपून ठेव. पाच-सहा लेक्चर हा काही डोंगर नाही. डोंगर तयार होतो तो ‘मागचं झाल्याशिवाय पुढचं नाही’ या हट्टातून.

पहिल्या दिवशी पुस्तक उघडू नकोस. त्या दिवसाचं काम तारखा गोळा करण्याचं आहे. टेस्ट कधी, कुठल्या युनिटवर, जर्नल (प्रॅक्टिकलची वही) तपासायला कधी द्यायचं, बुडालेलं प्रॅक्टिकल भरून काढायला जादा बॅच लागणार आहे का, ओपन इलेक्टिव्हची असाइनमेंट कुठल्या दिवशी, फील्ड प्रोजेक्टचा अहवाल कधी. हे क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारू नकोस. तिथे कुणीतरी ‘टेस्ट पुढे गेली’ असं टाकतं, त्याला पन्नास अंगठे मिळतात आणि टेस्ट ठरल्या दिवशीच होते. नोटीस बोर्डावर सहीची नोटीस बघ. प्रॅक्टिकलबद्दल लॅब असिस्टंटला विचार. कुठलं प्रॅक्टिकल कुठल्या बॅचचं राहिलंय, कुठलं केमिकल संपत आलंय आणि जादा बॅच कधी लागणार, हे त्यांना आमच्याही आधी माहीत असतं.

तारखा हातात आल्या की कामांची दोन गटांत विभागणी कर. पहिला गट, तारीख गेली की हातातून जाणाऱ्या गोष्टींचा: इंटर्नल टेस्ट, असाइनमेंट, प्रॅक्टिकल, जर्नलची सही, हजेरी. दुसरा गट उशिरा केल्या तरी चालणाऱ्या गोष्टींचा: युनिट समजून घेणं, गणितं सोडवणं, नोट्स काढणं. मुलं याच्या बरोबर उलट वागतात. युनिट समजून घेणं हा ‘खरा अभ्यास’ वाटतो म्हणून ते त्यात बुडून जातात आणि असाइनमेंटची तारीख निघून जाते. इंटर्नलचे मार्क लहान दिसतात, पण बहुतेक ठिकाणी आता इंटर्नल ४० आणि लेखी ६० असा वाटा आहे आणि दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं. लेखी पेपर उत्तम गेलेला असूनही इंटर्नलच्या गैरहजेरीने केटी लागलेली (विषय राहिलेली) मुलं आम्ही दर वर्षी बघतो.

एक सल्ला न मागता देते. गावच्या डॉक्टरकडून तापाचं सर्टिफिकेट आणू नकोस. गणपतीनंतरच्या आठवड्यात हे कागद आमच्यापुढे गठ्ठ्याने येतात. सगळ्यांना व्हायरल फीवर, सगळ्यांना सात दिवसांची विश्रांती, आणि सगळे शिक्के रत्नागिरी-सिंधुदुर्गातले. समोरचाही कोकणातलाच असतो गं. त्यापेक्षा संबंधित शिक्षकांना सरळ सांग: घरचा गणपती होता, राहिले, दोन प्रॅक्टिकल बुडाली, ती भरून काढायची आहेत. बहुतेक शिक्षक कपाळाला आठ्या घालतात आणि मदत करतात. मात्र हे पहिल्या दोन-तीन दिवसांत सांगायचं, सबमिशनच्या आदल्या दिवशी नाही.

प्रॅक्टिकलवर जरा थांबते, कारण तुझा धोका तिथेच आहे. सर्टिफाइड जर्नलशिवाय प्रॅक्टिकल परीक्षेला बसता येत नाही, हे तुला माहीत असेलच. बुडालेलं प्रॅक्टिकल मैत्रिणीच्या जर्नलमधून उतरवून काढायचं, हा सगळ्यांना सुचणारा उपाय. समजा तुझं बुडालेलं प्रॅक्टिकल आम्लाच्या उत्प्रेरणाने मिथाइल ॲसिटेट या एस्टरच्या हायड्रोलिसिसचं (पाण्याने विघटन होण्याचं) आहे. एस्टर आणि आम्ल एकत्र केल्यापासून ठरावीक मिनिटांनी पिपेटने थोडं मिश्रण काढायचं, बर्फाच्या पाण्यात सोडायचं म्हणजे अभिक्रिया मंदावते, आणि सोडियम हायड्रॉक्साइडने टायट्रेट करायचं, म्हणजे आम्ल किती आहे ते मोजायचं. वेळ जाईल तसं ॲसिटिक आम्ल तयार होत जातं, म्हणून ब्युरेटची रीडिंग वाढत जाते. शेवटी अभिक्रिया पूर्ण झाल्यावरची रीडिंग घ्यायची, ती ‘व्ही इन्फिनिटी’. मग प्रत्येक वेळेसाठी रेट कॉन्स्टंट (अभिक्रियेच्या वेगाचा स्थिरांक) काढून सरासरी.

हे न करता लिहिलेलं जर्नल कसं ओळखू येतं ते सांगते. खऱ्या रीडिंगवरून काढलेले रेट कॉन्स्टंट एकमेकांच्या जवळ असतात, पण सारखे कधीच नसतात. कुणाचा एक थेंब जास्त पडतो, कुणी बर्फात टाकायला अर्धा मिनिट उशीर करतं. घरी बसून बनवलेल्या जर्नलमध्ये सगळे कॉन्स्टंट तिसऱ्या दशांशापर्यंत एकसारखे येतात, कारण आधी उत्तर ठरवून उलट्या बाजूने रीडिंग काढलेली असते. आणखी गंमत म्हणजे घाईत एखाद्याची अधली रीडिंग ‘व्ही इन्फिनिटी’पेक्षा मोठी पडते. मग लॉगच्या आत ऋण संख्या येते, आणि पुढचं गणित तरीही सुरळीत सुटलेलं असतं! त्या पानावर मी काही लिहीत नाही. व्हायवाला (तोंडी परीक्षेत) एवढंच विचारते की बर्फाचं पाणी कशाला घेतलं. ज्याने ते हाताने केलंय तो लगेच सांगतो.

तेव्हा जादा बॅच मागून घे आणि ती दोन प्रॅक्टिकल खरी कर. हे प्रॅक्टिकल जवळजवळ पूर्ण स्लॉट खातं, दुसऱ्या प्रॅक्टिकलच्या कडेला उरकता येत नाही. शेवटच्या आठवड्यात सगळा वर्ग रिपीटला धावतो, तेव्हा ब्युरेट रिकामी मिळत नाही. शिवाय कायनेटिक्सचा तुझा निम्मा बुडालेला भाग त्या एका दुपारी हाताखालून जाईल. रेट म्हणजे काय, कॉन्स्टंट का म्हणायचं, वेळेबरोबर काय बदलतं आणि काय बदलत नाही. एका पानाच्या नोट्सपेक्षा ते पक्कं बसतं.

आता ‘आजचं आधी धर’ म्हणजे नक्की काय, तेही तुझ्याच युनिटवर दाखवते. वर्गात आता अऱ्हेनियस समीकरण (तापमानाने अभिक्रियेचा वेग कसा बदलतो ते सांगणारं) सुरू होणार असं तू लिहिलंस. बुडालं काय? ऑर्डर आणि मॉलिक्युलॅरिटी, पहिल्या आणि दुसऱ्या ऑर्डरची समीकरणं, हाफ-लाइफ (निम्मा पदार्थ संपायला लागणारा वेळ), ऑर्डर ओळखण्याच्या पद्धती. हे सगळं वाचून झाल्याशिवाय अऱ्हेनियस कळणार नाही असं तुला वाटतंय. आता उलट बाजूने बघ: अऱ्हेनियसचं उद्याचं लेक्चर समजायला यातलं नेमकं काय लागतं? रेट कॉन्स्टंट ही काय चीज आहे, ती संहतीवर अवलंबून नसते पण तापमानावर असते, एवढंच. शिवाय लॉग आणि सरळ रेषेचा उतार, जो तुला अकरावीपासून येतो, कारण लॉग के आणि एक छेद टी यांच्या आलेखाच्या उतारावरून ॲक्टिव्हेशन एनर्जी काढायची असते. वीस मिनिटांचं काम. ते आज रात्री कर आणि उद्या वर्गात बस. दुसऱ्या ऑर्डरचं समीकरण कसं सिद्ध करतात हे तुला उद्या येत नसलं तरी काही बिघडत नाही. ते रविवारी कर.

प्रत्येक विषयात हाच प्रश्न विचार: उद्याचं लेक्चर कळायला मागच्यातलं काय हवं? उत्तर बहुतेक वेळा अर्ध्या पानात मावतं. अपवाद आहेत, आणि ते मान्य करायला हवेत. गणिताची मायनर असेल तर तिथे एक पायरी सुटली की पुढची दिसत नाही, त्यामुळे तिथे मागचं जास्त लागेल. ऑरगॅनिकमध्ये मेकॅनिझमची सुरुवातच चुकली असेल तर एक संध्याकाळ तिला द्यावीच लागेल. पण ओपन इलेक्टिव्ह, भाषा, पर्यावरण अशा विषयांत उद्यापासून थेट बसलीस तरी फारसं अडणार नाही.

मैत्रिणीकडून नोट्स घेताना आख्खी वही स्कॅन करून पीडीएफ मागू नकोस. ती पीडीएफ फोनमध्ये पडून राहते आणि ‘नोट्स मिळाल्या’ या समाधानात चार दिवस जातात. कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडचा गठ्ठाही तसाच. तिला पंधरा मिनिटं कॅन्टीनला बसव, चहा तुझ्याकडून, आणि तीन गोष्टी विचार. मॅडमनी पुस्तकातला कुठला भाग गाळला? फळ्यावर कुठली गणितं सोडवली? ‘हे येऊ शकतं’ असं कशाला म्हणाल्या? बाकी सगळं पुस्तकात आहे. या तीन गोष्टी तेवढ्या पुस्तकात मिळत नाहीत आणि त्यासाठीच वर्गात बसलेलं माणूस लागतं.

तू आणखी एक लिहिलंस, की जून-जुलैत शिकलेलंही आता कोरं वाटतंय. वाटणारच. हेर्मान एबिंगहाउस नावाच्या जर्मन मानसशास्त्रज्ञाने निरर्थक अक्षरगट स्वतः पाठ करून, ते किती विसरतात याची मोजदाद केली आणि १८८५ मध्ये ती प्रसिद्ध केली. ‘आठवतं की नाही’ एवढंच त्याने मोजलं नाही. तीच यादी पुन्हा पाठ करायला पहिल्यापेक्षा किती वेळ कमी लागतो, ते मोजलं. एका दिवसानंतर ही बचत साधारण एक तृतीयांशावर आली होती, पण महिन्यानंतरही ती एक पंचमांशाच्या आसपास शिल्लक होती. म्हणजे विसरण्याचा वेग सुरुवातीला जबरदस्त असतो, मग तो ओसरतो, आणि पाटी पूर्ण कोरी होत नाही. ती तर अर्थ नसलेली अक्षरं होती. तू समजून शिकलेलं त्याहून टिकतं. जुलैतलं युनिट दुसऱ्यांदा करायला पहिल्याइतका वेळ लागणार नाही, हे धरून चाल.

दुसऱ्यांदा करताना मात्र वाचत बसू नकोस. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी पुस्तक मिटून आठवेल ते लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्यानंतर घेतली तेव्हा उलटं झालं: आठवून लिहिणाऱ्यांना ५६ टक्के आठवलं, पुन्हा वाचणाऱ्यांना ४२. तुझी टेस्ट पाच मिनिटांनी नाही, दहा दिवसांनी आहे.

डोंबिवलीच्या प्रवासात याचा फार उपयोग होतो. सकाळच्या गर्दीत लेडीज डब्यात चौथी सीट मिळाली तरी वही उघडायला कोपर हलत नाही, आणि उभी असलीस तर हात वरच्या कडीला. तिथे वाचायचा हट्ट धरू नकोस, आठवायचा धर. घरून निघताना एकच प्रश्न मनात घेऊन निघायचं. पहिल्या ऑर्डरच्या अभिक्रियेत हाफ-लाइफ सुरुवातीच्या संहतीवर का अवलंबून नसते? ठाण्यापर्यंत समीकरण डोक्यात मांडून बघ, कुर्ल्यापर्यंत अडलीस तर नेमकी कुठे अडलीस ते लक्षात ठेव, आणि दादरला उतरल्यावर फलाटावर बाजूला उभी राहून फोनमधल्या फोटोवर तेवढंच बघ. मुलांना हे वेडेपणाचं वाटतं, पण ते करणारी मुलं व्हायवाला गडबडत नाहीत, कारण कागद समोर नसताना उत्तर मांडायची त्यांना सवय झालेली असते.

वेळापत्रकाबद्दल. तू पाठवलेलं मी पाहिलं. सकाळी साडेचारला उठून रात्री साडेअकरापर्यंत, मधे प्रवास, आणि दर तासाला एक टॉपिक. ते तिसऱ्या दिवशी मोडेल. माणूस स्वतःच्या कामाचा अंदाज नेहमी कमीच धरतो. १९९४ मध्ये कॅनडातल्या काही संशोधकांनी शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना विचारलं की प्रबंध किती दिवसांत होईल. सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. सगळं काही बिघडलं तर? सरासरी ४९. प्रत्यक्षात लागले सरासरी ५५. म्हणजे वाईटात वाईट धरलेला अंदाजही कमी पडला. टी.वाय.ची (तिसऱ्या वर्षाची) मुलं ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बांधीव अहवाल) लिहितात तेव्हा मी हेच बघते: चॅप्टर ‘दोन दिवसांत होतो’, आणि बाइंडिंगवाल्याच्या दुकानात आदल्या रात्री रांग.

तू एका बुडालेल्या लेक्चरला एक तास धरलायस. पावणेदोन धर. वर्गात शिक्षिका तुझ्यासाठी निवड करत असते, कुठे भर द्यायचा ते सांगत असते. एकटीला ते सगळं स्वतः करावं लागतं. मग कॉलेजच्या दिवशी एक बुडालेलं लेक्चर, रविवारी तीन, यापलीकडे काही ठरवू नकोस. एवढ्यानेही दोन आठवड्यांत बहुतेक भोकं बुजतात. वेळ वाटताना क्रेडिट बघ. सेमिस्टरच्या साधारण २२ क्रेडिटमध्ये सगळ्यात मोठा वाटा मेजरचा असतो, तेव्हा मागचं भरून काढायचा वेळही आधी तिथे. लहान पेपरांत फक्त तारखेचं काम वेळेवर दे.

कॅलेंडरही या वर्षी (२०२५) तुझ्या बाजूने आहे. अनंत चतुर्दशी ६ सप्टेंबरला झाली आणि घटस्थापना २२ तारखेला. मधला सगळा पितृपंधरवडा. लग्न नाही, साखरपुडा नाही, सत्यनारायण नाही, मंडपाचे स्पीकर उतरलेले. मुंबईत अभ्यासाला याच्याइतका शांत पंधरवडा वर्षभरात दुसरा मिळत नाही. नवरात्र लागलं की संध्याकाळचे सात वाजल्यापासून गरब्याचा ढोल थेट अभ्यासाच्या टेबलावर. मागच्या अभ्यासाचा मोठा भाग २१ सप्टेंबरच्या आत बसव.

घरी जमत नसेल तर घरी बसू नकोस. वन-रूम-किचनमध्ये टीव्ही चालू असताना अभ्यास होत नाही, यात तुझा दोष काही नाही. जवळपास अभ्यासिका असते, ती शोध. कॉलेजची लायब्ररी शेवटच्या लेक्चरनंतर दोन तास वापर आणि गर्दी ओसरल्यावरची गाडी पकड. वरळीला तर रस्त्याचं नावच लोकांनी अभ्यास गल्ली पाडलंय. घरात जागा नाही म्हणून दिव्याखाली बसून शिकणाऱ्या मुलांनी ते नाव कमावलंय. तुझ्या दादरच्या कॉलेजपासून फार लांब नाही, एखाद्या संध्याकाळी जाऊन ये.

इंटर्नल टेस्टबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मागच्या वर्षीचे दोन पेपर मिळव, पोर्शनमधली कुठली युनिट आहेत ते नोटिशीवरून पक्कं कर, आणि टेस्टच्या पोर्शनमध्ये बुडालेला भाग किती येतो तेवढाच आधी कर. पोर्शनबाहेरचा बुडालेला भाग टेस्ट होईपर्यंत कोरा राहिला तरी चालेल. टेस्टच्या आदल्या रात्री नवं काही उघडू नकोस, झोप.

राहिला ग्रुप. ही अडचण अभ्यासाची नाही, पण तीच तुला जास्त खात असावी असं तुझ्या लिहिण्यावरून वाटतं. तू दोनेक आठवडे नव्हतीस, गावाला रेंज नव्हती, त्यांनी सर्व्हेचे फॉर्म भरून घेतले आणि तुझं नाव मात्र यादीत आहे. त्यांचा राग योग्यच आहे. ‘सॉरी यार, मी आता सगळं करते’ असा मेसेज टाकू नकोस. ‘सगळं’ कुणी करत नाही हे त्यांनाही कळतं. जाऊन भेट, आणि कुणालाच नको असलेलं एक काम मागून घे. फील्ड प्रोजेक्टमध्ये असं काम हमखास असतं: भरलेले फॉर्म एक्सेलमध्ये चढवणं, किंवा अहवालाचं शेवटचं जुळवणं आणि प्रिंट. तारीख सांगून घे आणि तारखेच्या एक दिवस आधी दे. गावाहून आणलेला खाजा वगैरे नक्की ने, पण कामानंतर. आधी नेलास तर लाच वाटते.

आणि पुढच्या वर्षीचं आताच बघून ठेव, कारण टी.वाय.ला हेच दसपट जाचेल. २०२४ मध्ये चतुर्थी ७ सप्टेंबरला होती, या वर्षी २७ ऑगस्टला. २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे, त्यामुळे चतुर्थी १४ सप्टेंबरला आणि अनंत चतुर्दशी थेट २५ सप्टेंबरला. जूनमध्ये सुरू होणारं सेमिस्टर तेव्हा शेवटच्या काही आठवड्यांत असेल. या वर्षी परतल्यावर तुझ्या हाताशी महिना तरी उरलाय, तेव्हा तेवढाही उरणार नाही. म्हणून पुढच्या वर्षी जायच्या आधीच जर्नलवर तोवरच्या सगळ्या सह्या झालेल्या असू देत, आणि प्रोजेक्टचं तुझ्या वाट्याचं काम ग्रुपच्या हातात. रेल्वेचं आरक्षण आता ६० दिवस आधी उघडतं, म्हणजे १४ सप्टेंबरच्या आसपासच्या तिकिटांसाठी जुलैच्या मध्यावर सकाळी आठला फोन घेऊन बसायचं. जाण्याच्या तिकिटावर सगळं घर तुटून पडतं, येण्याचं राहून जातं. तू येण्याचंही उघडल्या दिवशीच काढ, शनिवारी मुंबईत पोचेल असं, म्हणजे रविवार मोकळा मिळतो. कोकणकन्या नाही मिळाली तर तुतारी, तीही नाही तर गणपती स्पेशल. घरचे अनंत चतुर्दशीपर्यंत राहू देत. आजीला जूनमध्येच सांगून ठेव की या वर्षी गौरी-गणपती झाले की मी निघणार, म्हणजे ऐन वेळी रडारड नको.